मुंबईत हॉप्सला ऊन कमी नाही, दिवस कमी पडतो

प्रश्न असा आला आहे: कांदिवलीला सातव्या मजल्यावर राहतो, बाल्कनी पूर्वेकडची. ताज्या हॉप्सचा वास एकदा घेतला आणि तेव्हापासून घरी हॉप्स लावून बीअर करायचं डोक्यात आहे. ऑनलाइन २० बियांचं पाकीट मागवलं, एकही रुजली नाही. मुंबईच्या उकाड्यात हॉप्स येतो का? रोप कुठून आणू? एका वेलीत किती बीअर होईल?

हॉप्स म्हणजे बीअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या बोंडांची वेल. आधी तीन सरळ उत्तरं. हॉप्स येतो, पण अडतो तो उकाड्यामुळे नाही. रोप हिमाचलातून आणा, बियांच्या नादी लागू नका. आणि बीअर शून्य, कारण महाराष्ट्रात घरी बीअर करायला कायद्यानं मनाई आहे.

हे शेवटचं आधी उरकून टाकते. १९४९ चा दारूबंदी कायदा, ज्याला बरेच जण अजून बॉम्बे प्रोहिबिशन ॲक्टच म्हणतात, तो परवान्याशिवाय दारू तयार करू देत नाही आणि त्यात बीअर येते. ‘विकणार नाही, घरीच पिणार’ म्हणून सूट मिळत नाही. अमेरिकेतले, इंग्लंडमधले लोक स्वयंपाकघरात बीअर करतात, त्यांचे व्हिडिओ आपण बघतो आणि इथेही चालत असेल असं धरून चालतो. मी २२ वर्षं बीअरच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये काढली. उत्पादन शुल्क खात्याचा माणूस तिथेच टेबल टाकून बसायचा आणि टाकीतला लिटर न् लिटर वहीत चढायचा. त्यामुळे या बाबतीत मी कोणाला ‘बघा, जमलं तर’ असं सांगणार नाही. हॉप्सची वेल लावणं मात्र गुन्हा नाही. ती जाई-जुईसारखी एक वेल आहे, खुशाल लावा. बीअर सोडून तिचं काय करायचं ते पुढे सांगते.

आता वेलीकडे येऊ. कारखान्यात हॉप्स यायचा तो फॉइलच्या हवाबंद पाकिटात, दाबून केलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात. कोंबड्यांचं खाद्य वाटावं तसा. नोकरीची इतकी वर्षं हॉप्सचा कडवटपणा रोज मोजूनही जिवंत वेल मी पाहिली नव्हती. २०१६ च्या ऑक्टोबरात एका सहकाऱ्यानं हिमाचलातल्या लाहौलहून येताना मला चार तुकडे आणून दिले. अटल बोगदा तेव्हा व्हायचा होता, रोहतांग खिंड बर्फानं बंद व्हायच्या आत तो खाली उतरला होता. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, बोटाएवढी जाड, वाळक्या आल्यासारखी दिसणारी जमिनीतली खोडं. यालाच रायझोम म्हणतात. मी गड्डा म्हणते.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रंगाचे रिकामे डबे पडले होते, २० लिटरचे. त्यात ते चार तुकडे लावले. दोन कुजले. उरलेल्या दोनपैकी एक डबा पाण्याच्या टाकीमागे होता, दुसरा हायवेकडच्या कठड्याजवळ. त्या कठड्याखालीच एक मोठं होर्डिंग होतं. अंधार पडला की त्याचे फ्लडलाइट पेटायचे ते मध्यरात्र उलटेपर्यंत, आणि त्यांचा उजेड कठड्यावरून आत यायचा.

डिसेंबरात टाकीमागची वेल जेमतेम कमरेएवढी असताना फुलली. मी पेढे आणायच्या बेतात. मोजून १४ बोंडं, त्यातली निम्मी वाटाण्याएवढी, आणि तिथेच वेलीची वाढ खुंटली. कठड्याजवळची मात्र फुलायचं नाव घेईना. नुसती वर वर. फेब्रुवारीअखेर ती ८ फूट झाली, तरी कळी नाही. माती तीच, खत तेच, गड्डाही एकाच वेलीचा. मी जानेवारीभर तिला पोटॅश घालत बसले. मार्चच्या सुरुवातीला होर्डिंगचं कंत्राट संपलं की काय कोण जाणे, फ्लडलाइट बंद झाले. तीन आठवड्यांत तिच्या पेरापेरांशी केसाळ, पोपटी कळ्या दिसायला लागल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

शेवंती दसरा-दिवाळीच्या सुमारालाच का भरते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. शेवंतीला रात्र लांबलेली कळते आणि मग ती फुलते. पॉलीहाउसवाले तिचं फुलणं पुढे ढकलायला रात्री दिवे लावतात. हॉप्सची जात तीच. फुलण्यासाठी त्याला लहान दिवस लागतो. पण त्याआधी मोठं होण्यासाठी मोठा दिवस लागतो, आणि मुंबईची गोम नेमकी इथे आहे.

चेक प्रजासत्ताकातलं झाटेट्स हे हॉप्सचं जुनं गाव ५० अक्षांशावर आहे. तिथे जूनमधला दिवस १६ तासांच्या वर जातो. बव्हेरियातल्या हालरटाउमध्येही साधारण तेवढाच. वेल मे-जूनच्या लांबलचक दिवसांत ६-७ मीटर चढते, २१ जूननंतर दिवस आखडायला लागला की फुलते आणि ऑगस्टअखेर-सप्टेंबरात काढणीला येते. मुंबई १९ अक्षांशावर. आपला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरातला लहान दिवस अकरा तासांचा. म्हणजे हॉप्सच्या हिशेबानं मुंबईत बारा महिने ‘दिवस लहान झाला, फूल आता’ असाच हुकूम सुटलेला असतो. कोंब जमिनीतून वर येतो, फुलण्याएवढी पेरं होतात आणि लगेच कळ्या. अंगात बळ नाही, पानं पुरेशी नाहीत आणि संसार गळ्यात. सरळ बालविवाह. लाहौलमध्ये हॉप्सची शेती होऊ शकली ती नुसत्या थंडीमुळे नाही. केलांगला जूनचा दिवस सव्वाचौदा तासांचा होतो, आपल्यापेक्षा तासभर जास्त. तेवढा तास वेलीला पुरतो.

मग थंडीचं काय? जुन्या पुस्तकांत ठाम लिहिलेलं असतं की हॉप्सच्या गड्ड्याला हिवाळ्यात पाच-सहा आठवडे गारठा मिळालाच पाहिजे, नाहीतर फूल नाही. हे वाचूनच बहुतेक मुंबईकर नाद सोडतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो राज्य विद्यापीठातल्या विल्यम बाउरले यांनी हे तपासून पाहिलं. गारठा न देता, फक्त दिवसाची लांबी सांभाळून त्यांनी हॉप्स नेहमीसारखा फुलवून दाखवला. फ्लोरिडा विद्यापीठात शेतात एलईडी दिवे लावून हॉप्सची वर्षाला दोन पिकं घेतात. फ्लोरिडा काही थंड हवेचं ठिकाण नव्हे. माझ्या गच्चीचा अनुभवही हाच आहे. त्यामुळे ‘मुंबईच्या उकाड्यात’ हा तुमच्या प्रश्नातला भाग काढून टाका.

आता दिवा. लोकांना वाटतं ग्रो-लाइट आणायचा, हजारो रुपये घालायचे. गरज नाही. दिव्याचं काम वेलीला जेवू घालणं नाही, ते ऊन करतं. दिव्यानं फक्त तिला ‘अजून दिवस मावळला नाही’ असं भासवायचं. माझ्या वेलीला होर्डिंगचा उरलासुरला उजेड पुरला, यावरून किती कमी लागतो ते समजा. मी ९ वॉटचे दोन साधे एलईडी बल्ब वापरते, पिवळट उजेडाचे. पांढऱ्यापेक्षा त्यांत लाल रंगाचा भाग जास्त असतो आणि वेलीला तोच कळतो. एक साधारण पाच फुटांवर, दुसरा वरच्या तारेपाशी, दोन्हींना उलट्या वाडग्यासारखं झाकण, म्हणजे उजेड वेलीवरच पडतो. टायमर संध्याकाळी ६ ला चालू, रात्री १२ ला बंद. अकरा तासांच्या दिवसाला सहा तासांची जोड, झाले सतरा. महिन्याला सव्वातीन युनिट वीज. टायमर प्लगचाच घ्या. ‘मी आठवणीनं बंद करीन’ म्हणणाऱ्या माणसाची वेल गणपतीपर्यंत फुलत नाही, आणि एक-दोन दिवस लवकर बंद केला तर अर्धवट कळ्या धरते. मध्यरात्री तासभर उजेड देऊन रात्र मधोमध मोडायची अशीही रीत आहे. मी ती सोडली, कारण रात्री १ वाजता गच्चीवर अचानक दिवा पेटलेला बघून वॉचमन काठी घेऊन वर आला होता.

आमच्याकडचं वेळापत्रक असं बसलं आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लावणी, कोंब दिसल्या दिवसापासून दिवा. डिसेंबरच्या मध्यापर्यंत वेल ९-१० फूट होते, बाजूच्या फांद्या फुटायला लागतात. त्या दिवशी दिवा बंद. एकदम बंद, हळूहळू नाही. तीन-चार आठवड्यांत केसाळ कळ्या, मग बोंडं भरायला आणखी महिनाभर. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात काढणी. मुंबईची थंडी म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे, पण ते दिवस कोरडे असतात, आणि बोंडं भरताना वेलीला कोरडी हवा हवी असते.

पावसाळ्याचं मात्र खरं दुखणं आहे. ऊन, उकाडा, समुद्राची हवा, सगळं ही वेल सोसते, पण जुलैतला मुलुंडचा पाऊस नाही. नाशिकचे द्राक्षवाले ज्याला डाऊनी म्हणतात तो केवडा रोग हॉप्सलाही होतो. रोगाचं नाव तेच, बुरशी मात्र हॉप्सची वेगळी. कोंब खुरटतो, पानं खाली वळतात, मागच्या बाजूला राखाडी बुरशी दिसते आणि आठवडाभरात वेल काळी. पहिल्या पावसाळ्यात मी बोर्डो मिश्रण मारलं, वर प्लॅस्टिक ताणलं, रोज पानं पुसली. वेल गेलीच. गड्डा वाचला तो नशिबानं.

दुसऱ्या वर्षापासून मी पावसाशी भांडणं सोडलं. पाऊस सुरू व्हायच्या आत वेल बुडापासून कापते, डबा उलटा करते, गड्डे धुऊन सावलीत दिवसभर सुकवते. मग दमट कोकोपीटमध्ये घालून, पिशवीला चार भोकं पाडून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. थेट ऑक्टोबरला बाहेर. म्हणजे पुस्तकातला गारठा आपसूक मिळतो, पण मी फ्रिज वापरते तो थंडीसाठी नव्हे, पाऊस चुकवण्यासाठी. आमच्याकडे मे महिन्याचे पापड-कुरडया पावसाळ्याआधी माळ्यावर जातात, तसे हे गड्डे फ्रिजमध्ये. एकच सावधगिरी. पिशवीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. माझ्या सासूबाईंनी एकदा गड्डा आलं समजून किसायला घेतला होता. किसताना दोरे निघायला लागले तेव्हा त्यांना शंका आली, आणि मग मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

रोपाविषयी. बिया रुजल्या नाहीत ते बरंच झालं. हॉप्समध्ये नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. कामाची बोंडं फक्त मादीला येतात. बियांतून बऱ्याच वेली नर निघतात, आणि नर-मादी ओळखायला फुलं येईपर्यंत थांबावं लागतं. शिवाय बियांतून आईसारखीच जात मिळत नाही. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, तसंच. त्यात बाजारात जपानी हॉप्सच्या बियाही हॉप्स म्हणून विकल्या जातात. ती नुसती शोभेची वेल आहे, तिच्यात बीअरच्या कामाचं काही नसतं. तेव्हा मादी वेलीचा गड्डा किंवा छाटापासून केलेलं रोप घ्या. हिमाचलात लाहौलकडे हॉप्सची शेती आहे, तिथली लेट क्लस्टर नावाची जात मुंबईत मी वाढवली आहे. परदेशातून कोणी येत असेल त्याला ‘बॅगेत घालून आण’ असं सांगू नका. लागवडीचा माल आणायला क्वारंटाइनचा परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. हा नियम उगाच केलेला नाही. हॉप्सचे विषाणू गड्ड्यातूनही फिरतात.

कुंडी मोठी घ्या. रंगाचा डबा दोन वर्षांत पुरत नाही. मी निळा ड्रम मधोमध कापून वापरते, आधी त्यात काय होतं ते विचारून. ओली माती भरली की तो शंभर किलोंच्या पुढे जातो, म्हणून गच्चीवर बीमच्या रेषेत ठेवायचा, स्लॅबच्या मध्यावर नाही, आणि खाली विटा. नर्सरीची लाल माती नुसती घातली तर दोन महिन्यांत विटेसारखी होते. एक घमेलं लाल माती, एक गांडूळखत, एक भिजवलेलं कोकोपीट, त्यात दोन मुठी नीमपेंड आणि निचऱ्याला विटांचा चुरा. हॉप्स खादाड आहे. वाढीच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी मोहरीच्या पेंडीचं आंबवलेलं पाणी, दहापट पातळ करून. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगा. दिवा बंद केला की पेंडीचं पाणीही बंद, नाहीतर पानांचंच जंगल होतं.

चढायला काथ्याची दोरी, नायलॉन नको. हॉप्सच्या वेलीला काकडीसारखे तणावे नसतात. खोडावर बारीक आकडे असतात आणि खोड स्वतःच दोरीला वळसे घालत चढतं. नायलॉनवर ते घसरतात. अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यात, जगातल्या एका मोठ्या हॉप्सच्या पट्ट्यात, वेली नारळाच्या काथ्यावरच चढवतात, आणि तो काथ्या आपल्या बाजूच्या देशांतून जातो. तेव्हा दादरच्या दुकानातली दोरी मुळीच कमी दर्जाची समजू नका. कोंब हातभर झाला की दोन-तीन धष्टपुष्ट कोंब ठेवा, बाकीचे कापा, आणि ठेवलेले वरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळा. उलटे गुंडाळलेत तर सकाळी ते सुटून लोंबत असतात. हे मी एक आठवडा रोज करून पाहिलं आहे. हात लावताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, ते आकडे हातावर ओरखडे काढतात आणि घामानं चरचरतं.

कीड म्हणाल तर मुंबईत दोन शत्रू. जानेवारीनंतर कोरडं पडलं की पानामागे लाल कोळी, आणि वर्षभर पिठ्या ढेकूण. कोळ्याला पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालून, दर दोन दिवसांनी. निंबोळी अर्क बोंडं धरायच्या आधीपर्यंतच. त्यानंतर काहीही मारू नका, बोंडं धुता येत नाहीत.

तुमच्या बाल्कनीबद्दल खरं सांगते. पूर्वेकडचं ऊन हिवाळ्यात तीन-साडेतीन तास मिळेल. हॉप्सला सहा तास तरी हवं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे आपल्या हंगामात दक्षिणेची बाल्कनी सगळ्यात चांगली, मग पश्चिमेची. पूर्वेच्या बाल्कनीत वेल येईल, हिरवीगार दिसेल, सकाळच्या चहाला सोबत करील, पण बोंडं मूठभर. गच्चीची परवानगी मिळत असेल तर घ्या. अर्ज करताना ‘हॉप्स’ असं न लिहिता ‘वेल’ लिहावं की काय, हा मोह मलाही झाला होता. हॉप्स आणि गांजा एकाच कुळातले, आणि पिकलेल्या बोंडांचा राळेसारखा वास संध्याकाळी जिन्यात उतरतो. आमच्याकडे एका सभासदानं कमिटीला तसं पत्रच दिलं होतं. मी पान घेऊन सेक्रेटरीकडे गेले, त्यांना द्राक्षाचं वाटलं, विषय मिटला. तुम्ही मात्र आधीच खरं सांगून ठेवा. नशेचं त्यात काही नाही.

काढणी कधी, हे हाताला कळतं. कच्चं बोंड दाबलं की ओलसर, मऊ, दाबलेलंच राहतं. पिकलेलं हलकं लागतं, कागदी आवाज करतं आणि सोडल्यावर परत फुगतं. एक बोंड नखानं उभं फाडा. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी पूड दिसते, तिला ल्युपुलिन म्हणतात. फिक्या पिवळ्याची गर्द हळदीसारखी झाली, बोटांना चिकटायला लागली आणि चोळल्यावर संत्र्याच्या सालीचा, ओल्या लाकडाचा वास आला की तयार. सगळा हॉप्स म्हणजे ही पूड. कडवटपणा देणारी आम्लं तिच्यात, सुगंधी तेलं तिच्यात, आणि बीअर आंबट करून नासवणारे जिवाणू रोखण्याचा गुणही तिच्यातच. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनहून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी पेल एल नावाची फिकट रंगाची बीअर कलकत्त्याला, मद्रासला आणि आपल्या मुंबईला यायची. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून महिनोन् महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त. ती पिंपं टिकावीत म्हणून त्यांत हॉप्स जास्त घालायचे. आज आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, म्हणून जी बीअर मिळते तिचा उगम तो. मुंबईची हॉप्सशी ओळख अशी पिंपातून झाली, कुंडीतून नाही.

वाळवणं आपल्याकडे काढणीपेक्षा अवघड. ताज्या बोंडात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. उन्हात टाकलं तर सुगंध उडतो, सावलीत टाकलं तर मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरतं. मी पोहे चाळायच्या मोठ्या चाळणीत एकेरी थर पसरून, खाली टेबल फॅन, दार लावून एसी ड्राय मोडवर, असं दीड दिवस ठेवते. ओव्हन वापरायचा तर ५० अंशांच्या वर नको. बोंडाच्या मधला दांडा वाकला तर ओलं आहे, कट्कन मोडला तर झालं. लगेच हवा काढून पिशवीत, पिशवी फ्रीझरमध्ये. बाहेर ठेवलेला हॉप्स महिन्याभरात जुन्या चीजसारखा, खरं सांगायचं तर न धुतलेल्या मोज्यासारखा वास मारतो. कारखान्यात असं पाकीट फुटलं की आम्ही खिडक्या उघडायचो.

उत्पन्नाचा आकडा ऐकून निराश होऊ नका. थंड देशात मुरलेली एक वेल अर्धा किलो ते पाऊण किलो वाळलेला हॉप्स देते. माझा आजवरचा सगळ्यात चांगला हंगाम एका वेलीचे १४० ग्रॅम ताजे, वाळून ३० ग्रॅम. पहिल्या वर्षीचं तर सांगतच नाही. परवाना असलेल्या कारखान्याच्या भाषेत बोलायचं तर २० लिटर साध्या बीअरलाही ३० ते ६० ग्रॅम लागतो. शिवाय घरच्या बोंडात कडू आम्ल किती टक्के आहे हे लॅबशिवाय कळत नाही. ते दोन टक्के असेल किंवा सहा. त्यामुळे ज्या देशांत घरी बीअर करायला मुभा आहे तिथले जाणकारही कडवटपणासाठी विकतचाच हॉप्स घालतात, घरचा फक्त वासासाठी.

मग त्या ३० ग्रॅमचं मी काय करते? हॉप्सचा सोडा. एक लिटर पाणी उकळा, गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा, अर्ध्या लिंबाचा रस पिळा आणि ३ ग्रॅम बोंडं घाला. झाकून दहा मिनिटं, गाळा, फ्रिजमध्ये गार करा. प्यायच्या वेळी निम्मा साधा सोडा. थोडं मीठ घातलंत तरी चालेल, मी घालते. दारूचा थेंब नाही, आणि ज्या वासासाठी तुम्ही वेडे झालात तो सगळा आहे. उकळत्या पाण्यात मात्र घालू नका. हॉप्सची आम्लं उकळताना रूप बदलतात आणि मग पाण्यात विरघळून कडू होतात. कारखान्यात कडवटपणासाठी तो तासभर उकळतात आणि सुगंधासाठी अगदी शेवटी घालतात. आपण चहात आलं आधी ठेचून टाकतो आणि वेलची उतरवताना, तसंच. पहिल्या खेपेला मी वीस मिनिटं उकळलं होतं. कारल्याचा रस त्यापुढे सरबत. झोपेच्या गोळ्या चालू असतील किंवा घरात कोणी गरोदर असेल तर त्यांना हे देऊ नका, हॉप्स सुस्ती आणतो आणि त्यात स्त्री-संप्रेरकासारखं काम करणारा घटकही असतो.

छाटलेले कोंब खाता येतात. बेल्जियममध्ये ती वसंतातली महागडी भाजी आहे. २०२१ मध्ये बिहारच्या एका शेतकऱ्यानं लाख रुपये किलोची ही भाजी पिकवली अशी बातमी फोनाफोनांवर फिरली होती, पत्रकार गावात गेले तर तसं शेतच नव्हतं. तेव्हा विकायचा विचार नको. लसूण-मिरचीवर परतायचे, मेथीपेक्षा थोडे दोरेदार लागतात. आमच्या घरी मी सोडून कोणी दुसरा घास घेतला नाही.

तुमच्याकडे कुत्रा आहे का ते लिहिलं नाहीत. असेल तर एकही बोंड, ताजं, वाळकं किंवा सोड्यातून गाळलेला चोथा, त्याच्या तोंडी लागू देऊ नका. हॉप्सनं कुत्र्याचं अंग इतकं तापतं की जिवावर बेततं. चोथा बांधून झाकणाच्या डब्यात टाका, उघड्या बादलीत नको.

गड्डा हिमाचलातून मागवणं जड जात असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुलुंडला या. दरवर्षी फ्रिजमधून काढले की ते वाढलेलेच असतात. दोन-तीन डोळ्यांचा एक तुकडा देईन. भाजीचा कप्पा तेवढाच लवकर मोकळा होईल, सासूबाई तुम्हाला चहाही पाजतील.